भावोजींचा डावा पाय

आमच्या भावोजींची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती. शिंपी त्यांच्या दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्यायचा आणि ताई इस्त्री करताना त्यावरून हसायची. उभा जन्म गाडीत शेजारच्या सीटवर बसून क्लच दाबण्यात गेला, तर पोटरी जाड होणारच. गावाला ते मास्तर. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून माझे भावोजी. मी मेकॅनिक. माझं गॅरेज त्यांच्या स्कूलपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा माणूस मला घरात जितका कळला त्याहून जास्त त्यांच्या गाडीखाली झोपून कळला.

माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून कुणी त्यांना नावं ठेवायला लागलं तर मला खपणार नाही. नावं ठेवायची ती मी ठेवीन, तेवढा माझा हक्क आहे.

स्कूल म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानाशेजारची एक अरुंद खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर जुन्या गाडीतून काढलेला गिअरचा दांडा एका लाकडी फळीवर ठोकलेला. नवा विद्यार्थी आला की भावोजी त्याला आधी तो दांडा हलवायला द्यायचे. "घाबरायचं काही नाही, हा चावत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. दारावरच्या पाटीवर त्यांनी रंगाऱ्याकडून एक ओळ लिहून घेतली होती: आमच्याकडे गाडी बंद पडत नाही. लोकांना वाटायचं गाडी नवी असेल. गाडी कसली नवी, तिची बाजूची दारं मीच दोनदा बदललेली. बंद पडत नव्हती ती भावोजींच्या पायामुळे.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. आतून दोन्हीकडचे क्लच एका दांड्याने जोडलेले. शिकवणाऱ्याने आपला दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. शिकणाऱ्याचा पाय तर त्यावर असतोच. त्याला वाटतं, आपणच दाबला. ही सोय संकटासाठी दिलेली असते. भावोजींनी ती रोजच्या वापरात घेतली. नवखा माणूस क्लच धाडकन सोडायला लागला, गाडी थरथरली, की यांचा पाय अलगद खाली आणि मग अलगद वर. गाडी लोण्यासारखी पुढे. नवखा खूश, "जमलं की" म्हणायचा. भावोजी म्हणायचे, "जमणारच. हात चांगला आहे तुमचा." हात चांगला असेलही, पाय मास्तरांचा होता.

याचं मूळ मला ठाऊक होतं. तरुणपणी ते ट्रकवर शिकले. त्यांचा उस्ताद म्हणजे जमदग्नी. गाडी बंद पडली की पान्याचा दांडा यांच्या डाव्या गुडघ्यावर, आणि वर भरल्या रस्त्यात शिव्या, मागच्या गाड्यांतले लोक हसताहेत. गुडघ्यावरचा वण शेवटपर्यंत होता. ते एकदा मला म्हणाले होते, मार विसरलो, पण लोकांचं हसणं अजून ऐकू येतं. आपल्या हाताखाली शिकणाऱ्या कुणालाही तशी लाज वाटू द्यायची नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं आणि आयुष्यभर पाळलं. चांगुलपणा हा असा असतो, त्याला आवर घातला नाही तर तोही नडतो.

कारण त्यांचे विद्यार्थी पास होऊन स्वतःच्या गाड्या घ्यायचे आणि थोड्याच दिवसांत माझ्याकडे यायचे. तक्रार ठरलेली. इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. चढाला जळका वास येतो. पेडल पार वर येईपर्यंत गाडी हलतच नाही, आणि हलते तेव्हा ताप भरल्यासारखी थरथरते. मी गिअरबॉक्स उतरवायचो, क्लच प्लेट काढायचो, ती पापडासारखी झिजलेली. गल्लीत लोक म्हणायचे, मेहुण्या-मेहुण्यांची भागीदारी आहे, एक बिघडवतो, दुसरा दुरुस्त करतो. मी हसायचो, पण आतून चिडायचो. प्लेट बदलून काय होणार? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी प्रत्येकाला सांगून थकलो: बाबांनो, क्लच म्हणजे पाय टेकायची फळी नव्हे. गिअर बदलला की पाय उचला आणि खाली जमिनीवर ठेवा. सिग्नलला न्यूट्रल करा. चढावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, तोलून धरू नका, हँडब्रेक कशाला दिलाय, रुमाल वाळत घालायला? लोक मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा क्लचवर पाय ठेवूनच जायचे. त्यांचा तरी काय दोष. क्लच नेमका कुठे पकडतो ते त्यांच्या पायाला कधी कळलंच नव्हतं, म्हणून ते सोडायलाच भ्यायचे.

हे मी भावोजींना तोंडावर सांगितलं होतं. पडू द्या की गाडी बंद, म्हटलं, दहादा बंद पडली की अकराव्यांदा त्याचा पाय शिकतो. ते चहा ओतत होते. म्हणाले, "तुझ्याकडे लोखंड येतं, माझ्याकडे माणसं येतात." उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ते सहसा बोलत नसत, त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आजही आहे. पण म्हणून त्यांचं बरोबर ठरत नाही.

आता माझ्या भाचीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

ती त्यांची एकुलती एक. अंगाने चवळीची शेंग, स्वभावाने भित्री नव्हे पण हळवी. फिजिओथेरपीचं शिक्षण झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठतं-बसतं करायचं, हेच तिला करायचं होतं. दवाखान्यात बसून वाट पाहणं तिला आवडत नसे. म्हणायची, ज्याला दारापर्यंत येता येत नाही त्याच्या दारात कुणीतरी जायला पाहिजे ना. त्यासाठी गाडी यायला हवी. शिकवणारा घरचाच. दुसऱ्या मास्तरांकडे पाठवा, असं ताईसुद्धा म्हणाली होती, पण भावोजींना ते अपमानास्पद वाटलं.

इतरांना त्यांचा पाय जितकी मदत करी त्याच्या दुप्पट लेकीला केली. तिच्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही. शिकवणी संपवून दोघं माझ्या गॅरेजवरून जायची तेव्हा भावोजी काच खाली करून ओरडायचे, बघ रे, बापावर गेलीय. परीक्षेच्या दिवशी परीक्षक मागच्या सीटवर आणि मास्तर शेजारी, अशी इथली पद्धत. टेकाडाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा वर न्यायची होती. नेली. माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी पोहोचली तेव्हा परीक्षकांनी स्वतः शाबासकी दिली. त्या दिवशी भावोजींनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

मग तिने स्वतःची छोटी गाडी घेतली, लग्न झालं, लेक झाली, काम चाललं. आणि गाडी माझ्याकडे यायला लागली. वास येतो मामा, म्हणायची. मी पेडल पाहिलं, वरचं रबर झिजून गुळगुळीत. तू पाय क्लचवर ठेवून चालवतेस, मी म्हटलं. ती म्हणाली, नाही रे, बाबांनी शिकवलं तसंच चालवते. ती खोटं बोलत नव्हती. मी प्लेट बदलून दिली आणि चढावर हँडब्रेक कसा वापरायचा ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिला ते सगळं आधीच येत होतं, असंच तिला वाटत होतं. पाणी कुठे मुरतंय ते मला दिसत होतं, पण बापलेकीच्या मध्ये मामाने किती तोंड घालायचं?

एका दुपारी ती लेकीला शाळेतून घेऊन तशीच एका रुग्णाकडे निघाली. घर टेकाडावर. वाटेत पुढे टेम्पो थांबला, म्हणून हिची गाडी चढावर थांबली. हिने ती नेहमीसारखी हाफ क्लचवर धरून ठेवली. तोवर नवी प्लेटही झिजलेली, ती किती धरणार? टेम्पो हलला, हिने रेस दिली, इंजिन ओरडलं, जळका वास सुटला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे यायला लागली. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत ती मागे एका घराच्या फाटकाच्या खांबावर आदळली. मागच्या सीटवरच्या पोरीची हनुवटी फुटली. टाके पडले. जीव वाचला म्हणायचं, पण आईला लेकीचं रक्त दिसलं की तिला दुसरं काही दिसत नाही.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी आले. प्लेट खराब लागली असणार, म्हणाले, हल्ली मालच हलका येतो. मी त्यांना गाडीत शेजारी बसवलं, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच पूर्ण सोडून दिला. इंजिन चालूच राहिलं. नुसतं गुरगुरत राहिलं.

"बंद पडायला हवी होती," मी म्हणालो. "क्लच चांगला असता तर इथल्या इथे बंद पडली असती."

त्यांनाही ते माहीत होतं, गाड्यांत जन्म गेला होता. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी गिअरबॉक्स उतरवून प्लेट त्यांच्या हातात दिली. वरचं अस्तर संपलेलं, खिळे उघडे पडलेले, आतला पत्रा उष्णतेने निळा झालेला. तशा प्लेटा त्यांच्याच स्कूलच्या गाडीतून मी कितीतरी काढल्या होत्या. ते ती फिरवून फिरवून बघत राहिले. मग फडक्याने हात पुसता पुसता म्हणाले, "तिला सांगायला पाहिजे." मी म्हटलं, आजच सांगा. हो म्हणाले.

सांगितलं नाही. आधी म्हणाले, पोरीचे टाके निघू देत. मग म्हणाले, तिचं मन जरा ताळ्यावर येऊ दे. प्लेट खराब होती हे मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि ते कुणी मानलं नाही. लोकांना गंमत हवी असते. मास्तरांच्या पोरीला गाडी येत नाही, दिव्याखाली अंधार, ही गंमत आयतीच मिळाली.

तिच्या सासरी एकदा आम्ही सगळे जेवायला होतो. सासरे माणूस वाईट नाही, पण त्यांना पंगतीत एखादं गिऱ्हाईक लागतं. म्हणाले, आमच्या सूनबाईंना गाडी पुढे नेता येत नाही, पण मागे फार छान नेतात. सगळे हसले. जावईही हसला. भाचीसुद्धा हसली आणि म्हणाली, "आहेच मी वेंधळी." मी भावोजींकडे पाहिलं. म्हटलं आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मूग गिळून गप्प बसणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

तिने घरोघरी जाणं सोडलं. मुख्य रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. येणाऱ्यांचे हात-पाय वाकवते, बस. टेकाडावरच्या त्या घरात एक म्हातारी होती, हिच्या आधाराने भिंत धरून चार पावलं टाकायला लागली होती. हिचं जाणं थांबलं आणि म्हातारीचं चालणंही थांबलं. भाची हे कधीतरी मध्येच सांगायची, विषय काही वेगळाच चाललेला असताना. भावोजी तेव्हा खोलीतून उठून जायचे.

वर्षं गेली. भावोजींचा डावा गुडघा झिजला. डॉक्टर म्हणाले, आता हा पाय दाबायचा नाही. भावोजी मला म्हणाले, "माझीही प्लेट गेली बघ." हसायला आलं नाही. स्कूल बंद झालं, पाटी उतरवून जिन्याखाली ठेवली. पण गाडी त्यांनी विकली नाही, आणि एके दिवशी ती माझ्या दारात आणून उभी केली. म्हणाले, शेजारची दोन्ही पेडलं काढून टाक. दांड्यासकट काढ. नवी प्लेट घाल. येत्या रविवारी तिला घेऊन बसणार. तिच्या हातून दिवसभर बंद पडू देत, मी हात बांधून बसेन आणि सगळं सांगेन.

बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. पेडलं मी स्वतःच्या हाताने काढली. खाली पत्र्यावर त्यांच्या टाचेने पडलेला खड्डा होता, तो मात्र तसाच ठेवला, कारण तो काढायचा तर पत्राच कापावा लागला असता.

रविवारी भाची आली. लेकीला घेऊन आली, आणि नव्या गाडीतून आली. स्वतः चालवत. भावोजी दारात उभे राहून बघत राहिले. ती उतरली ती हसतच. म्हणाली, बाबा, ऑटोमॅटिक आहे. हिला क्लचच नाही. डाव्या पायाला काही कामच नाही, माझ्यासारख्या वेंधळीसाठीच काढलीय. तिला वाटलं बाबा खूश होतील. भावोजी खूश झाल्यासारखं करत होते, मधेच माझ्याकडे बघत होते. त्यांची गाडी, पुसून चकचकीत केलेली, तिच्यासमोरच उभी होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

चला, एक चक्कर मारू, ती म्हणाली. भावोजी शेजारी बसले, मी आणि नात मागे. ती मजेत चालवत होती. बोलता बोलता तिने गाडी टेकाडाच्या रस्त्याला घातली. मुद्दाम घातली असणार. भीती मोडायची होती तिला. नेमक्या चढावर पुढे एक ट्रक अडला आणि गाडी थांबली.

भावोजींचा डावा पाय खाली गेला. समोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी तो असा रेटला की गुडघा कळवळला असणार. एका हाताने त्यांनी दाराची मूठ धरली होती. गाडी जागची हलली नव्हती, हलणारही नव्हती.

नात मागून पुढे वाकली. हनुवटीवरचा वण आता पांढरा पडलाय. म्हणाली, "आजोबा, काय दाबताय? तिथे काही नाहीये."

भाचीने मान वळवून खाली पाहिलं. त्या पायाकडे ती बराच वेळ बघत होती. ट्रक हलला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा तिने गाडी वर नेली आणि पाण्याच्या टाकीपाशी कडेला उभी केली. इंजिन बंद केलं. मग विचारलं, "बाबा, मला शिकवतानाही?"

"हो."

"परीक्षेच्या दिवशी?"

"त्या दिवशीही." आणि मग ते सगळं बोलले, उस्तादापासून प्लेटपर्यंत. इतक्या वर्षांचं साठलेलं, अडखळत, मागचं पुढे करत. शेवटी म्हणाले, तुझी काही चूक नव्हती पोरी, तुला क्लच कधी शिकवलाच नाही कुणी.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला अपघात झाला तेव्हाच कळलं होतं ना? मग सासऱ्यांच्या पंगतीत मला हसत होते सगळे, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात. का नाही बोललात?"

भावोजी म्हणाले, "लाज वाटली."

"मलाही वाटत होती, बाबा," ती म्हणाली.

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, पुढे कधी तो विषय काढला नाही. गाडी वळवली आणि आम्हाला घरी सोडलं. जन्मभर ज्या माणसाने कुणालाही लाज वाटू नये म्हणून पायाचं वाटोळं करून घेतलं, त्याने स्वतःच्या लेकीलाच ती वर्षानुवर्षं वाहायला लावली. मला अजून त्यांचा राग येतो. आणि राग आला की लगेच तो गुडघा आठवतो आणि वाईट वाटतं.

ती त्यांची गाडी माझ्या आवारात पडून आहे. नवी प्लेट घातलेली, एकदाही न वापरलेली. भाचीने त्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं. गुडघ्याचे व्यायाम तीच करून घ्यायची, दवाखान्यात तीच न्यायची. फक्त त्या रविवारनंतर भावोजी तिच्या गाडीत मागच्या सीटवर बसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. ती पुढचं दार उघडून द्यायची, तर ते मागचं दार उघडून आत बसलेले असायचे. शेजारची सीट रिकामी ठेवून दोघं जायची.